पंखाचे कान

पौडजवळच्या रिहे गावातल्या आमच्या घरी सकाळ टकटकीने सुरू व्हायची. ठोकळ्यावर पत्रा आणि पत्र्यावर लाकडी हातोडा, बारीक आणि सारखी टकटक. आबा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात विमान बनवत होते. हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच लोकांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाने मला ते पुन्हा म्हणायला लावलं आहे, म्हणून इथे एकदाच नीट लिहून टाकते. खरं विमान. एका माणसाचं, बारक्या इंजिनाचं, पण माणसाला घेऊन उडेल असं. आबा तरुणपणी विमानांच्या कारखान्यात पत्रेकाम करायचे. आजोबा गेल्यावर भातशेती बघायला गावी परतले, तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत कपड्यांपेक्षा हत्यारं जास्त होती आणि तळाशी विमानाच्या नकाशांची एक गुंडाळी होती. म्हशी विकल्या, गोठ्याची जमीन चोपून घेतली, गव्हाणीवर फळ्या टाकून लांबलचक टेबल केलं आणि कामाला लागले. आईने विचारलं, "दुधाचं काय?" आबा म्हणाले, "बबनकडनं घेऊ." विमानाबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा एवढीच.

बबनकाका शेजारचे. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन यायचे आणि गोठ्याच्या दारात उभे राहून एक तरी वाक्य टाकल्याशिवाय जायचे नाहीत. "आबा, भात कापायच्या आत उडतंय का? उडालं तर आमच्या खाचरावर वरनं दवा मारा की." किंवा, "हे वर गेल्यावर खाली यायचं कसं, ते लिवलंय का नकाशात?" आबा मान वर न करता म्हणायचे, "खाली यायला नकाशा लागत न्हाई, बबन." आई चुलीवरून ओरडायची, "दिसभर टकटक टकटक! खाचरात पाखरं यायची बंद झालीत." आबा म्हणायचे, "मग चांगलंच हाय की."

पंखाच्या आत बरगड्या असतात. माणसाच्या असतात तशाच, त्यांच्यामुळे पंखाला आकार येतो. एकेक बरगडी पातळ पत्र्याची. शिसवीच्या दोन ठोकळ्यांमध्ये पत्रा घट्ट धरायचा, बाहेर राहिलेली कड लाकडी हातोड्याने हळूहळू वळवत आणायची. एका जागी जोर केला की पत्रा रुसतो. सगळीकडून थोडं थोडं, पुन्हा थोडं. वळणावर कडेचा पत्रा जास्तीचा होतो, म्हणून तिथे चिमट्याने लहान लहान चुण्या घ्यायच्या, मग बरगडी सरळ बसते. आबा त्याला इंग्रजी शब्द वापरायचे. आईने पहिली बरगडी हातात घेतली आणि म्हणाली, "ह्या तर निऱ्या हायेत." तेव्हापासून आमच्या गोठ्यात निऱ्याच. माझा मोठा भाऊ संजू जोरकस होता, त्याच्या निऱ्या खोल जायच्या. माझ्या एकसारख्या यायच्या. नववीत होते तेव्हापासून बरगड्यांचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आल्यावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी उभ्या उभ्या खायची, हात राखेने घासून कोरडे करायचे आणि गोठ्यात जायचं. तेलकट हातांनी पत्र्याला शिवलेलं आबांना चालायचं नाही.

गोठ्यात एक नियम होता आणि तो आबांनी कारखान्यातून आणला होता. प्रत्येक भागाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. तिच्यावर तीन ओळी: भाग, केला कोणी, शेरा. बिघडलेला भाग फेकायचा नाही. त्याला लाल रंग लावायचा आणि दाराजवळच्या मोठ्या खिळ्याला टांगायचा, म्हणजे चुकून कुणी तो विमानात बसवणार नाही. आणि ज्याच्या हातून बिघडला त्यानेच रंग लावायचा आणि त्यानेच शेरा लिहायचा. दुसऱ्याच्या भागाला दुसऱ्याने रंग लावायचा नाही. खिळ्यावर सगळ्यात जास्त भाग आबांचेच होते. शेरे असे असायचे: "भोक तिरकं." "कंटाळा आला होता." संजूचा एक होता, "बबनकाका बोलत होते." खिळ्यावर भाग टांगला म्हणून आबा कधी कुणाला रागावले नाहीत. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते मी माराच्या भीतीने केलं असं कुणी समजू नये.

विमान उडवायचं होतं संजूने. आबांनी ठरवलंच होतं तसं. बारावी झाल्यावर संजू आठवड्याच्या शेवटी पुण्याच्या पलीकडे ग्लायडर शिकायला जायचा. पौडला एसटी, तिथून दुसरी, मग पायी. परत यायचा तेव्हा जेवताना डाळीची वाटी हातात धरून तिला वळणं द्यायचा. "असं झुकायचं, अन् असं नाक थोडं वर." डाळ सांडायची. आई म्हणायची, "आधी वाटी उतरव नीट." आबा त्याच्याकडे बघत बसायचे. त्यांचं जेवण गार व्हायचं.

पंख धडाला जिथे जोडतात तिथे चार जाड तुकडे असतात. आम्ही त्यांना कान म्हणायचो. एका पंखाला दोन, वरचा आणि खालचा. सगळ्या विमानाचा आणि आत बसलेल्या माणसाचा भार त्या चार कानांवर. त्यासाठी आबांनी वेगळा, कडक जातीचा जाड पत्रा कुठून कुठून विचारत मिळवला होता. त्यातून बरोबर पाच तुकडे निघाले. चार लागणारे, एक जादा. त्या आठवड्यात आई आणि आबांना वेल्ह्याला माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या सुपारीला जायचं होतं. संजू ग्लायडरवर. निघताना आबांनी पाच तुकडे माझ्यापुढे ठेवले.

"कान वळवून ठेव," ते म्हणाले. "घाई न्हाई. न्हाई झालं तर राहू दे."

मी अकरावीत होते. कान करायला मिळणं म्हणजे काय, ते त्या गोठ्यात वाढलेल्या माणसालाच कळेल.

पहिला कान वळताना तडकला. कडेपासून केसाएवढी रेघ आत गेली. का तडकला ते आज मला माहीत आहे. ठोकळ्याची एक बाजू गोल घासलेली होती आणि एक तीक्ष्ण, आणि मी ठोकळा उलटा धरला होता. एवढंच. तेव्हा मला वाटलं पत्राच हट्टी आहे. मी त्या कानाला नियमाने लाल रंग लावला, शेऱ्यात "तडकला" लिहिलं, खिळ्याला टांगला. आता चार उरले आणि चारच लागणार होते.

पौडच्या बाजारात भांड्यांचे पोचे काढणारा एक म्हातारा बसायचा. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं फार चेपलं असेल तर तो त्याला धुण्याचा साबण चोळायचा आणि विस्तवावर धरायचा. साबण काळा पडला की पातेलं बाजूला. मग ते हाताने दाबलं तरी वळायचं. लहानपणी आईबरोबर जाऊन मी ते कितीदा बघितलं होतं. मी चूल पेटवली, फुंकणीने जाळ केला, चारही कानांना साबण चोळला आणि चिमट्यात धरून एकेक तापवला. साबण काळा पडला. गार झाल्यावर ठोकळ्यावर धरून हातोडा मारला, तर कान चपातीच्या कणकेसारखा वळला. एकही तडा नाही. काजळी चिंचेने आणि राखेने काढली, चिठ्ठ्या बांधल्या. शेरा कोरा.

कडक पत्र्याचा कडकपणा तापवल्यावर जातो आणि तो चुलीवर परत आणता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. पण आबांना विचारल्याशिवाय पत्र्याला विस्तव दाखवायचा नाही, हे माहीत होतं. मनाला समजावलं की आल्यावर सांगू.

दुसऱ्या दिवशी आबा आले. टोपी काढायच्या आधी गोठ्यात गेले. कान उचलून वळणावरून अंगठा फिरवला, उजेडात धरला, पुन्हा फिरवला. मग आईला हाक मारली. "बघ गं पोरीचा हात. माझ्याबी हातनं असं वळलं नसतं." आई म्हणाली, "तिला आधी जेवायला घाला, बघा कशी सुकलीय." आबांनी माझ्या कामाबद्दल त्याआधी कधी चांगला शब्द काढला नव्हता, वाईटही नाही. त्या रात्री जेवताना सांगू म्हटलं, मग सकाळी, मग संजू नसताना. दिवस जात राहिले.

काही दिवसांनी आबा पहिल्या कानाला भोकं पाडायला बसले. मी शेजारी धरायला. हाताने फिरवायचा ड्रिल होता. कडक पत्र्याचा कीस तुटक पडतो, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा. त्या दिवशी लांब वळ्या निघाल्या, सुताच्या लडीसारख्या, आणि ड्रिलच्या टोकाला चिकटून बसल्या. आबांनी टोक पुसलं. पुन्हा फिरवला. पुन्हा वळी. त्यांनी ती बोटांत धरली, ओढली, सरळ केली.

"शैले," ते म्हणाले, "हे कसं वळवलं?"

"ठोकळ्यावर. तुमी सांगितलं तसं."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढचा कान उचलून त्यांच्यापुढे धरला, काम चालू ठेवायला. त्यांनी तो घेतला आणि टेबलावर ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "खाचरात पाणी बघून येतो." त्या दिवशी पाणी बघायची काहीच गरज नव्हती, सकाळीच बघून आले होते.

त्यानंतर कानांचं पुढचं काम त्यांनी एकट्याने केलं. मी विचारलं तर म्हणाले, "झालं ते." मला पुसायचं, रंगवायचं, झाडायचं काम दिलं. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावलं, गव्हाणीवर नारळ फोडला आणि आम्हा दोघांना, संजूला आणि मला, समोर बसवून म्हणाले, "आता पंख बंद करायचे. कुनाचं काय ऱ्हायलंय का? काय सांगायचं असंल तर आत्ता." संजू हसला, "माझी एक भूक ऱ्हायलीय." मी म्हणाले, "न्हाई." आबांनी नारळाचे तुकडे वाटले. मला सगळ्यात मोठा दिला.

पंख बंद झाले. विमान पुरं झालं. आणि आबा ते उडवायला देईनात.

आधी पाऊस होता. मग वारा. मग म्हणाले, "अजून न्हाई." संजूने एक वर्ष काढलं, दुसरं काढलं. त्याचं ग्लायडरचं सगळं शिकून झालं होतं. बबनकाकाही चेष्टा करायचे थांबले, ते वाईट होतं. एका दुपारी संजू जेवता जेवता ताट सारून म्हणाला, "एवढी वर्सं कशाला ठोकत बसलात मग? भ्यालात तुमी. लोक म्हनत्यात ते खरं हाय. हातानं केलं पन त्यावर भरवसा न्हाई तुमचा."

आबा म्हणाले, "व्हय. भ्यालोय."

"सांगा तरी कशाला भ्यालात."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं नाही. अजिबात नाही. मी कुळथाच्या पिठल्याची पळी हातात घेऊन उभी होते. चार शब्द बोलायचे होते. मी संजूच्या ताटात पिठलं वाढलं. तो उठून गेला तेव्हा ते तसंच होतं, कोंबड्यांना घातलं.

महिन्याच्या आत संजू वापीला गेला, एका कारखान्यात लागला, तिथेच लग्न केलं, तिथलाच झाला. दोन-तीन वर्षांनी यायचा, अंगणात उभा राहून आईशी बोलायचा. गोठ्याकडे पाठ करून. आई गेली तेव्हा तेरा दिवस राहिला आणि तेरा दिवसांत आबांशी भाताच्या भावाबद्दल बोलला. वडील भित्रे निघाले हे त्याने एकदा ठरवलं ते ठरवलं. मी ते ठरवू दिलं.

शिक्षण झाल्यावर मी पिरंगुटला एका पत्रेकामाच्या कारखान्यात लागले. पहिल्याच वर्षी तिथल्या मिस्त्रीने एका पोराच्या मशीनवरची लांब वळी उचलली आणि म्हणाला, "हा नरम माल कुणी दिला? कीस बघून कळत नाही का?" मी शेजारी उभी होते. आबांनी वळी कशी ओढून बघितली होती ते आठवलं. म्हणजे त्यांना कळलं असेल. कदाचित नसेलही, असं मी स्वतःला सांगितलं. त्या शनिवारी ठरवून घरी गेले. आबा पायरीवर बसून दोरी वळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी दोरी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले. "काय गं?" मी म्हणाले, "चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाक," आणि दोरी परत उचलली.

आज माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे, विजेच्या पेट्या करतो आम्ही. आमच्याकडेही लाल रंगाचा डबा आहे, आणि ज्याने बिघडवलं त्यानेच रंगवायचं हा नियम आहे. मुली-मुलं मला शिस्तीची म्हणतात. त्यांना तो नियम कुठून आला हे मी सांगितलेलं नाही.

आबा गेले. वर्षश्राद्धाला संजू आला, केस पांढरे, गुडघे धरलेले. गोठ्याची जागा शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी भाड्याने मागायला एक जण आला होता, म्हणून आम्ही दोघं गोठा आवरायला गेलो. संजू तीस वर्षांनी आत पाय ठेवत होता. विमान ताडपत्रीखाली होतं, पंख भिंतीला टांगलेले, त्यांची मुळं पोत्यात गुंडाळून शिवलेली. मी आबांची लोखंडी पेटी उघडली. हत्यारांच्या खाली जुन्या धोतराच्या फडक्यात एक गाठोडं होतं.

आत चार कान. माझे. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या. भाग: पंखाचा कान, डावा, वरचा. केला: शैला. शेरा: कोरा. चौघांचाही कोरा. कुणालाही लाल रंग नव्हता. एका कानाला एक पुरं भोक होतं आणि त्याच्या शेजारी एक अर्धवट. बाकी तिघांना भोकच नव्हतं.

मी पोत्याची शिवण उसवली. पंखाच्या मुळाशी दुसरे कान बसवलेले होते, चिठ्ठीवर आबांचं अक्षर. पत्रा त्यांनी पुन्हा कुठून आणला, किती फिरले, मला माहीत नाही. म्हणजे कान बदलून झाले होते. कानांसाठी विमान अडलं नव्हतं. पंखाच्या आत माझ्या हातच्या सगळ्या बरगड्या होत्या, आणि मी तोंडावर खोटं बोलले होते, दोनदा. त्यातल्या कशाला मी विस्तव दाखवला आणि कशाला नाही, हे एकच माणूस सांगू शकत होतं. मी सांगेपर्यंत त्यांना आपला मुलगा त्यात बसवायचा नव्हता. आणि त्यांना मला सगळ्यांदेखत खिळ्याला टांगायचंही नव्हतं.

"काय हाय ते?" संजूने विचारलं.

मी त्याला सांगितलं. साबण, चूल, ड्रिलचा कीस, खंडेनवमी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "बरगड्यांना काही केलं नव्हतं," मी म्हणाले. "एकीलाही नाही."

त्याने अर्धवट भोकाचा कान हातात घेतला, अंगठा फिरवला, अगदी आबांसारखा. मग दोन्ही हातांनी दाबला. कान थोडा वाकला.

"म्हंजी भ्याले न्हवते," तो म्हणाला.

"न्हवते."

"मी त्यांना काय काय बोललो."

"मी होते तिथं."

"व्हय," तो म्हणाला. "तू होतीस."

त्याने कान टेबलावर ठेवला आणि ताडपत्रीचं टोक उचलून आत बघितलं. बसायची जागा होती, उशी आईने शिवलेली, उंदरांनी कुरतडलेली. त्याने टोक परत सोडलं, घरात जाऊन पिशवी घेतली. मी म्हणाले, जेवून जा. तो म्हणाला, पौडची एसटी चुकंल. मी फाट्यापर्यंत गाडीने सोडते म्हणाले तर नको म्हणाला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चालत गेला. त्यानंतर मी तीनदा फोन केला आहे. त्याची बायको उचलते, बोलते, ते बाहेर गेलेत म्हणते.

भाड्याने मागणाऱ्या माणसाला मी नाही म्हणून सांगितलं. पौडहून लाल रंगाचा लहान डबा आणला. चारही कान पुसले, दोन्ही बाजूंनी रंगवले, गव्हाणीच्या फळीवर वाळत ठेवले. चिठ्ठ्यांचा कागद पिवळा पडला आहे, पेनाची शाई फुटते, म्हणून पेन्सिलीने लिहिलं. चौघांवर एकच शेरा: "चुलीवर तापवला. आबांनी विचारलं होतं. सांगितलं नाही." मग ते दाराजवळच्या खिळ्याला टांगले, तडकलेल्या पहिल्या कानाच्या शेजारी.